काळभात नाही, डांबर गोळी ‘अ‍ॅरोमॅटिक’!

अकोल्याच्या पश्चिमेकडच्या एखाद्या गावात काळभात शिजायला लागला की शेजाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही. वासच सांगतो. देशी वाणं जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे (पद्मश्री, २०२०) याच तालुक्यातल्या. त्यामुळे अकरावीच्या केमिस्ट्रीत ‘अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्स’ आले की इथल्या पोरांना आधी भात आठवला, तर त्यात त्यांची काय चूक?

पण इथेच गंमत आहे. सुवासिक तांदळाच्या वासामागचा मुख्य रेणू म्हणजे २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन. बासमतीतही तोच. आणि केमिस्ट्रीच्या हिशेबात तो अ‍ॅरोमॅटिक नाहीच! अ‍ॅरोमॅटिक आहे ती आईच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवलेली डांबर गोळी.

हा घोळ जुना आहे. १८५५ मध्ये हॉफमन या जर्मन केमिस्टने हा शब्द वापरला, तेव्हा या कुळातले बरेच पदार्थ सुगंधी डिंक, तेलं यातून मिळालेले होते. पुढे वासाची अट गेली, नाव तेवढं राहिलं.

मग अट कोणती? बेन्झिन घ्या. सहा कार्बन फेर धरून उभे आहेत, प्रत्येकाकडे एकेक जादा इलेक्ट्रॉन आहे, आणि तो कुणीच स्वतःकडे ठेवत नाही, सगळ्यांनी मिळून वापरायचा. म्हणून पुस्तकात एक आड एक डबल बाँड काढलेले असले तरी खरं तर सहाही बाँड सारखेच, १३९ पिकोमीटरचे. कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये क्ष-किरणांनी हे कडं सपाट असल्याचं दाखवलं. या वाटून घेण्यानेच ते घट्ट होतं. साधी अल्कीन ब्रोमीन वॉटरचा रंग झटक्यात घालवते. बेन्झिन ढिम्म हलत नाही.

डांबर गोळीतल्या नॅप्थलीनमध्ये अशी दोन कडी एक बाजू वाटून घेतात: दहा कार्बन, आठ हायड्रोजन. ते दगडी कोळशाच्या डांबरातून मिळतं. म्हणजे आपल्या आज्यांनी म्हटलेलं ‘डांबर गोळी’ हे नाव ‘अ‍ॅरोमॅटिक’पेक्षा जास्त खरं निघालं की! (हल्लीच्या काही गोळ्या पॅराडायक्लोरोबेन्झिनच्या असतात. कडं आहे, पण क्लोरीन आल्यामुळे हायड्रोकार्बन नाही.)

आता परीक्षेत न विचारला जाणारा भाग. गोळी हळूहळू लहान होते, कारण घन नॅप्थलीन थेट वाफ होऊन कपड्यांत मुरतं. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी हे एन्झाइम जन्मतः कमी असतं. ट्रंकेतली दुपटी तशीच काढून अशा बाळाला गुंडाळलं तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, कावीळ वाढू शकते. आपलं बाळ त्यातलं आहे का, हे बहुतेक घरांना माहीतच नसतं. त्यामुळे बाळाच्या कपड्यांत गोळी नकोच. जुनी दुपटी धुऊन, कडक उन्हात वाळवूनच वापरा.

चुलीच्या धुरातही अशीच कडी असतात, चार-पाच एकमेकांना चिकटलेली. त्यातलं बेन्झोपायरीन कॅन्सरकारक ठरलेलं आहे. धुराडं नसलेल्या घरात ते रोज कुणाच्या छातीत जातं, हे वेगळं सांगायला नको.

आणि चांगल्या वासाचं अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन हवंच असेल, तर स्वयंपाकघरात चिमूटभर ओवा तळहातावर चोळा. उग्र वास थायमॉलचा. पण त्याच तेलात पॅरा-सायमीन असतं. ते मात्र पक्कं हायड्रोकार्बन, कड्यासकट.