पाठमोरे कोकण

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाची सनद बहाल केली आणि त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार सागरी दुर्ग असल्याचे कळताच आमच्या मुलुंडातील कोकणी मंडळींनी पेढे वाटले. परंतु हे दुर्ग बोटीच्या कठड्याशी उभे राहून, भर समुद्रातून पाहिलेला मनुष्य त्या मेळाव्यात माझ्यावाचून दुसरा निघेना, याचा जो विषाद वाटला त्यातून हा मागोवा उद्भवला आहे.

आगबोटींच्या आरंभापासून १९४७ साली ‘रामदास’ बोटीला मिळालेल्या जलसमाधीपर्यंतचा वृत्तान्त बंदरखात्याच्या दप्तरांत पडून आहे, आणि बोट कंपन्यांच्या भाड्यांतील चढाओढीत मला स्वारस्य नाही. मला सांगायचे आहे ते १९७० नंतरच्या दशकाविषयी, जेव्हा मुलुंडहून पहिली लोकल धरून, ट्रंक आणि वळकटी सांभाळीत, मशीद बंदरमार्गे भाऊच्या धक्क्यावर पोहोचणे हाच गावी जाण्याचा राजमार्ग होता. ‘कोकण सेवक’सारखी बोट सकाळी सुटली की खांदेरी-उंदेरीची जोडी डावीकडे सरके, मुरूडपर्यंत काळ्या पाषाणाचा बुटका किनारा आणि त्यामागे माडांची रेघ, मग सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा एकेका नदीने डोंगर फोडून केलेले मुख, त्या मुखाशी बाणकोट वा जयगड पहाऱ्याला उभा, आणि दक्षिणेकडे जावे तसतसा जांभ्याचा तांबूस कडा थेट लाटांतून वर चढलेला, माथ्यावर मात्र पाटासारखा सपाट सडा. बंदरात बोट धक्क्याला लागत नसे; ती दूर नांगरून पडे, पडाव झुलत येत, आणि खलाश्याने दंडाला धरून ओढलेल्या आमच्या आजीने त्याच्या साऱ्या कुळाचा उद्धार केलेला मी स्वकर्णांनी ऐकला आहे. खारे वारे, डिझेलचा दर्प, डेकवर झालेल्या वांत्या, हे सारे होतेच. त्यास रम्य म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण प्रदेशाची रचना कळत होती. आंग्र्यांच्या आरमाराने याच खाड्यांचा आश्रय का घेतला, हे पाठ्यपुस्तकाने नव्हे, त्या डेकने मला शिकविले.

कोकणचे पुढचे दार समुद्राकडे आहे. आपण मात्र मागीलदारातून शिरू लागलो. १९८० च्या दशकाअखेरीस बोटी थांबल्या, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेच्या जयघोषात त्यांच्यासाठी कोणी सुतकही पाळले नाही. अ. ब. वालावलकर, नाथ पै, मधु दंडवते यांनी या रेल्वेसाठी केलेल्या तपश्चर्येविषयी मला नितांत आदर आहे. ती उभारणाऱ्या श्रीधरन यांच्या कर्तबगारीविषयीही. तथापि करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरांच्या बोगद्यातून समुद्र दिसत नाही, आणि रोहा ते सावंतवाडी या प्रवासात तो जवळजवळ कोठेच दिसत नाही, हे म्हणण्याचे धारिष्ट्य त्या वेळी ज्यांनी केले त्यांना ‘प्रगतीचे वैरी’ ठरविण्यात आले. त्या यादीत प्रस्तुत लेखकही होता. कोकणचा कॅलिफोर्निया करू, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांना २०११ पासून चाललेले मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण अजून पुरते आवरलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

आज मुलुंडातले निवृत्त दांपत्य इटलीच्या द्वीपकल्पात जाऊन सालेर्नोहून आमाल्फीला बोटीने जाते, पाण्यातून वर चढत गेलेल्या कड्यांची छायाचित्रे मला दाखविते आणि विचारते, आपल्याकडे असे काही का नाही? आहे, परंतु ते पाहावयाचे तर किनाऱ्यापासून मैलभर आत पाण्यात जावे लागते, आणि तिकडच्या लोकांनी मोटाररस्ता झाल्यावरही आपल्या बोटी मोडीत काढल्या नाहीत.

२०२५ साली भाऊच्या धक्क्याहून जयगड आणि विजयदुर्गासाठी रो-रो बोटीची घोषणा झाली, तेव्हाही भर होता तो वेगावर. माझी अर्जी निराळी आहे: बोट दिवसाउजेडी सोडावी, किनारा नजरेत ठेवून न्यावी आणि उतारूंना उघड्या डेकवर बसण्याची मुभा असावी. दोन-चार तास अधिक लागले तरी माझी तक्रार नाही.