कोठीमागचा डबा

नववीच्या वर्गात आम्ही विचारले, "तुमच्या घरी पिकावर फवारणी कोण करते?" बरेच हात वर झाले. "औषधाचा डबा कुठे ठेवता?" एक मुलगा म्हणाला, "धान्याच्या कोठीमागे. लहान भावाच्या हाती लागू नये म्हणून."

आपण त्याला 'औषध' म्हणतो, इथेच पहिली चूक होते. ते विष आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. हे लगेच दिसणारे विष झाले. पण अन्नाबरोबर रोज थोडे थोडे पोटात जाते, त्याचे काय?

आपल्या आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात. ते जेवणातला चोथा आंबवतात, आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्ले बनवतात, के जीवनसत्त्व तयार करतात आणि रोगजंतूंना पाय रोवू देत नाहीत. मधुमेह, लठ्ठपणा किंवा आतड्याची जुनी सूज असलेल्यांच्या पोटात या जीवाणूंचा तोल निरोगी माणसापेक्षा वेगळा आढळतो.

आता ग्लायफोसेट हे तणनाशक घ्या. ते तणातील एका विकराचे काम बंद पाडते. माणसाच्या पेशीत ते विकर नसते, म्हणून माणसाला धोका नाही, असे सांगितले जाते. पण पोटातल्या अनेक जीवाणूंमध्ये ते असते! उंदरांवरील काही प्रयोगांत या तणनाशकामुळे जीवाणूंचा तोल बदललेला दिसला. माणसांवरचे अभ्यास अजून थोडे आहेत. अमुक आजार यामुळेच होतो, असे सिद्ध झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेला २०२३ मध्ये गंभीर धोका आढळला नाही. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले. म्हणून घबराट नको, पण गाफील राहणेही बरे नव्हे.

घरात काय करावे? फळे-भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. कोबीची वरची पाने काढून टाका. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर प्रयोग झाला. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम खाण्याचा सोडा, या प्रमाणाच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर सालीवरची दोन रसायने बहुतेक निघून गेली. सालीच्या आत मुरलेले मात्र निघाले नाही. म्हणजे जे शेतातच मुरते, ते स्वयंपाकघरात धुऊन जात नाही.

म्हणून शेतकरी आणि बागवान भावांना आमची विनंती आहे. डब्यावर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, ते लिहिलेले असते. ते दिवस पाळा. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, हे मजुरालाही सांगा. हातमोजे आणि तोंडावर मास्क असल्याशिवाय फवारणी नको. रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल कधीही भरू नका.

कुरआनात अन्नाबद्दल हलालबरोबर 'तय्यब' हा शब्दही येतो. तय्यब म्हणजे स्वच्छ, चांगले. हलालची चौकशी आपण दुकानात आवर्जून करतो. तय्यबची चौकशीही तितक्याच आवर्जून व्हावी.

त्या मुलाने पुढच्या आठवड्यात सांगितले, डबा आता घराबाहेर, कुलपाच्या पेटीत आहे. आपल्या घरी तो कुठे आहे, आज एकदा पाहून घ्या.