वणव्यानंतर माळाला काय हवे?

श्रीपूर म्हटले की साखर कारखाना आणि कालव्यावरचा ऊस डोळ्यांपुढे येतो. पण पाणी जिथे पोचत नाही, तिथे सोलापूर जिल्ह्याचे मूळ रूप दिसते: मुरमाड माळ, कमरेएवढे गवत, मधूनच एखादी बोर किंवा हिवर. उन्हाळ्याच्या तोंडावर हे माळ पेटतात. कुठे शेतात पेटवलेले पाचट वाऱ्याने भडकते, कुठे विडीचे थोटूक पुरते, तर कुठे कोवळा चारा लवकर फुटावा म्हणून मुद्दाम काडी लावली जाते. मग पावसाळ्यात स्वयंसेवक कुदळ-फावडी घेऊन वृक्षारोपणाला निघतात. हेतू निर्मळ असतो, उपाय मात्र चुकतो. जळालेला माळ म्हणजे जळालेले जंगल नव्हे. त्याला आधी गवत परत हवे असते.

मारवेल, पवन्या, डोंगरी ही गवते बहुवर्षायू आहेत. आग वरचे वाळलेले पाते जाळून झपाट्याने पुढे सरकते. जमिनीलगतचे ठोंब बहुधा वाचतात आणि पहिल्या पावसात फुटतात. खड्डे आणि चर खणताना नेमके हेच ठोंब उखडले जातात. त्यांच्या जागी अनेकदा मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प लावले जाते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. ते ज्याच्यासाठी झाले, तो माळढोक पक्षी उघड्यावर जमिनीवरच अंडे घालतो आणि दूरवर नजर पोचणाऱ्या मोकळ्या रानात वावरतो. दाट लागवड म्हणजे त्याच्यासाठी अधिवासाचा नाशच.

यावर आक्षेप येतो, की पूर्वी इथे जंगलच होते, ते माणसाने तोडले. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी साहित्यातील वनस्पतींचे उल्लेख तपासून २०२५ मध्ये दाखवले, की पश्चिम महाराष्ट्रातील विरळ झाडांची गवताळ राने किमान साडेसातशे वर्षांपासूनची आहेत. दुसरा आक्षेप कार्बनचा, की झाडे तो जास्त साठवतात. पण झाडाचा कार्बन बराचसा जमिनीवर असतो आणि वणव्यात जळतो. गवताचा मोठा वाटा मुळांत आणि मातीत राहतो. मग वणवा चांगलाच म्हणायचा का? मुळीच नाही. दरवर्षी आग लागली, तर सकस गवते खचतात, निकृष्ट कुसळे माजतात, जमिनीवरची घरटी जळतात आणि उघडी पडलेली माती पहिल्या वळवात वाहून जाते.

स्वयंसेवकांना काम भरपूर आहे, फक्त त्याचा फोटो तितकासा देखणा येत नाही. दिवाळीच्या आसपास जवळच्या न जळालेल्या माळावरून पिकलेले बी गोळा करावे आणि जिथे ठोंब खरोखर मेले आहेत तिथेच ते पावसाच्या तोंडावर विखरावे. वेडी बाभूळ, घाणेरी यांची रोपे लहान असतानाच मुळासकट उपटावीत. वनविभागाच्या परवानगीने उन्हाळ्याआधी आग अडवणाऱ्या जाळरेषा काढाव्यात. सर्वांत अवघड काम म्हणजे एक पावसाळा चराईबंदी. ती मेंढपाळांना वगळून टिकणार नाही. त्यांच्याशी बोलून आळीपाळीने माळ राखावा आणि बी झडल्यावर गवत कापायला द्यावे. ज्याला चारा मिळतो, तोच काडी लावणाऱ्याला अडवतो. म्हणून अशा मोहिमेचे यश लावलेल्या रोपांवरून नव्हे, तर तिसऱ्या वर्षी माळावर किती मारवेल उभी आहे यावरून मोजावे.