हृदयाचे ठोके कोठें मोजावेत?

धायरी फाट्याहून आंत वळलें म्हणजे जुन्या गांवांतील घरांपेक्षां उंच इमारतीच अधिक दिसतात. २०१७ सालीं हें गांव पुणें महानगरपालिकेंत समाविष्ट झालें. वस्तीची वाढ मात्र त्याच्या कितीतरी आधींपासून चालू होती. या नव्या गृहसंकुलांत एक लहानशी व्यायामशाळा बहुधा असतेच. तींत धांवण्याचा फिरता पट्टा, म्हणजे ट्रेडमिल, पूर्वींपासून आहे. अलीकडे त्याच्या शेजारीं वल्हीं मारण्याचें यंत्र, म्हणजे रोइंग मशीन, हेंही दिसूं लागलें आहे. पावसाळ्यांत सिंहगड रस्त्यावरील वाहनांच्या गर्दींतून आणि चिखलांतून धांवणें ज्यांना नकोसें होतें, अशीं माणसें या दोन यंत्रांकडे वळतात. महिना-दोन महिने गेले म्हणजे त्यांच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो: हृदयाचे ठोके मोजणारें यंत्र घ्यावें काय, आणि घ्यावें तर कोणतें? आज त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

वल्हवणें हा पुणेंकरांना अगदींच परका व्यायाम नव्हे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबचा रिगाटा १९२८ पासून नदीवर होत आला आहे. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयांत लष्कराचें नौकानयनाचें केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यांतील चांदवड तालुका पाण्याच्या टंचाईकरितां प्रसिद्ध. तेथल्या तळेगांव रोहीच्या दत्तू भोकनळ यांनीं सैन्यांत भरती झाल्यावर वल्हें हातीं धरिलें, २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें एकेरी शर्यतींत तेरावा क्रमांक मिळविला आणि २०१८ सालीं इंडोनेशियांतील आशियाई स्पर्धेंत चौघांच्या नौकेंतून सुवर्णपदक आणिलें. अशा खेळाडूच्या मागें प्रशिक्षक उभा असतो. कोठें थांबावें आणि कोठें जोर लावावा हें तो सांगतो. गृहसंकुलाच्या व्यायामशाळेंत आपणच खेळाडू आणि आपणच प्रशिक्षक. तेव्हां समोरच्या पडद्यावर जो आंकडा दिसतो, तो खरा असला पाहिजे. खोटा आंकडा पाहून व्यायाम करण्यापेक्षां आंकड्यावांचून केलेला व्यायाम पुष्कळ बरा, असें माझें स्पष्ट मत आहे.

नाडी पाहणें ही आपल्याकडील जुनी विद्या. शार्ङ्गधराच्या संहितेंत नाडीच्या चालीला जळू, साप, बेडूक, हंस यांच्या चालींची उपमा दिलेली आहे. तेथें वैद्याचें लक्ष नाडीच्या जातीकडे आहे, मिनिटांत ठोके किती याच्याकडे नाहीं. मिनिटाचा हिशेब घड्याळाबरोबर आला. जॉन फ्लॉयर नांवाच्या इंग्रज वैद्यानें नाडी मोजण्याकरितां एक मिनिट चालणारें घड्याळ करवून घेतलें आणि १७०७ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं हॉलंडमध्यें विलेम आइंथोव्हेन यांनीं हृदयांतून उठणारी अतिसूक्ष्म वीज नोंदवून दाखविली. त्याबद्दल त्यांना १९२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. दवाखान्यांत काढतात तो ई. सी. जी. त्यांच्याच कामांतून निघाला. हीच वीज छातीवरच्या पट्ट्यानें टिपावी आणि तारेशिवाय मनगटावरच्या घड्याळाकडे पाठवावी, ही युक्ति १९७७ सालीं स्थापन झालेल्या पोलर या फिनलंडच्या कंपनीनें १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत बाजारांत आणिली.

दुसरी रीत प्रकाशाची. हल्लींच्या हातांतल्या घड्याळाचा पाठीमागचा भाग पाहिला तर तेथें हिरवा दिवा लुकलुकतांना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त किंचित् वाढतें, त्या क्षणीं परत येणारा प्रकाश किंचित् कमी होतो, आणि या कमी-जास्तीवरून घड्याळ ठोके मोजतें. म्हणजे पट्टा हृदयाची वीज ऐकतो आणि घड्याळ हृदयापासून हातभर दूर असलेल्या मनगटांतील रक्ताची भरती-ओहोटी पाहतें. पुढील सर्व गुणदोष या एका भेदांतून निघतात.

माणूस स्वस्थ बसला किंवा झोंपला असेल, तर मनगटावरचें घड्याळ बहुधा बरोबर असतें. हात हलूं लागला कीं अडचण सुरू होते. धांवतांना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलें पडतात. प्रत्येक पावलाला हात हिंदकळतो, त्याबरोबर मनगटांतील रक्तही हिंदकळतें, आणि घड्याळ कित्येकदां ठोक्यांऐवजीं पावलेंच मोजूं लागतें. ठोके १३५ आणि पडद्यावर १७२, असा प्रकार त्यामुळें होतो. आपण सावकाश धांवत असूनही आंकडा एकाएकीं वर चढला आणि पावलांच्या गतीशीं जुळून स्थिर राहिला, तर हाच संशय घ्यावा. आपल्याकडे अशीही समजूत आहे कीं सांवळ्या त्वचेवर हा हिरवा दिवा चालतच नाहीं. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत त्वचेच्या वर्णामुळें लक्षणीय फरक आढळला नाहीं; फरक आढळला तो विश्रांति आणि हालचाल यांत. गोंदण असलेल्या जागीं मात्र घड्याळ बांधूं नये, कारण शाई प्रकाश अडविते.

वल्हवण्यांत मनगटाची स्थिति याहून वाईट असते. मूठ दांड्यावर घट्ट आवळलेली, मनगट प्रत्येक वल्ह्याला थोडें वाकणारें, त्वचेखालीं शिरा आणि स्नायुबंध मागेंपुढें सरकणारे. आवळलेल्या हातांत रक्ताचा प्रवाहही मोकळा राहत नाहीं. शिवाय पाय, पाठ आणि हात हे सर्व स्नायु एकदम कामाला लागत असल्यानें ठोके फार झपाट्यानें वाढतात. एक मिनिट जोर आणि एक मिनिट विसांवा अशा आवर्तनांत हृदय १६० वर पोंचलेलें असतांना घड्याळ अजून ११० च्या आसपास रेंगाळत असूं शकतें, आणि तें वर येईपर्यंत जोराचें मिनिट संपून गेलेलें असतें. धांवतांनाची चूक बहुधा आपल्याला उगाच थांबविते. वल्हवतांनाची चूक "अजून जोर लावा" असें सांगते. दुसरी अधिक धोक्याची, हें निराळें सांगावयास नको.

म्हणून ज्याला दोन्ही व्यायाम करावयाचे आहेत, त्यानें छातीचा पट्टा घ्यावा. तो घड्याळाइतका देखणा नाहीं आणि प्रथम थोडा अडचणीचा वाटतो. पण बांधण्याची रीत नीट कळली, कीं त्याच्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी मिटतात. पट्ट्याच्या आंतल्या बाजूस विजेचे दोन पट्टे असतात. ते बांधण्यापूर्वीं पाण्यानें ओले केले पाहिजेत, कारण कोरडी त्वचा वीज नीट वाहूं देत नाहीं. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेंत घाम उशिरां येतो, आणि अंगावरचा कृत्रिम धाग्याचा सदरा फडफडून स्थिर वीज निर्माण करितो. तेव्हां पहिल्या पांच मिनिटांत पट्ट्यानें २०० चा आंकडा दाखविला, तर आधीं पाण्याची आठवण करावी. पट्टा छातीच्या स्नायूंच्या अगदीं खालीं, खोल श्वास घेतां येईल पण सरकणार नाहीं इतका घट्ट असावा. वल्हवणारा प्रत्येक वेळीं पुढें वांकतो, त्यामुळें सैल पट्टा पोटाकडे घसरतो. शिवाय दांडा शेवटीं छातीच्या खालच्या कडेपर्यंत येतो. पट्ट्याची डबी त्याच्या वाटेंत येत असेल तर पट्टा बोटभर वर घ्यावा. स्त्रियांनीं तो व्यायामाच्या चोळीच्या खालच्या पट्टीखालीं नीट बसवावा. तेथें तो सहसा हलत नाहीं.

व्यायाम संपला कीं डबी काढून पट्टा साध्या पाण्यानें धुवावा आणि सांवलींत वाळवावा. आपल्या पावसाळ्यांत हें न करणाऱ्याच्या पट्ट्याला आठवड्याभरांत वास येऊं लागतो आणि घामाच्या क्षारांनीं त्याचें आयुष्य निम्म्यावर येतें. डबी ओल्या पट्ट्याला तशीच लावून ठेवली, तर ती छाती नसतांनाही जागी राहते आणि आंतली नाण्याएवढी बॅटरी संपविते.

छातीला कांहींही बांधणें ज्यांना सोसतच नाहीं, त्यांच्याकरितां मधला मार्ग आहे. प्रकाशानेंच मोजणारी, पण कोपराच्या वर किंवा खालीं मांसल भागावर बांधावयाची पट्टी मिळते. तेथें मांस अधिक, हाडें आणि स्नायुबंध कमी, हालचालही कमी. म्हणून ती मनगटापेक्षां पुष्कळ भरंवशाची ठरते. एकाएकीं जोर लावला असतां ती छातीच्या पट्ट्याच्या किंचित् मागें राहते, एवढेंच.

आतां खरेदीच्या वेळीं दुकानदार ज्याच्याबद्दल क्वचितच बोलतो ती गोष्ट. मोजलेला आंकडा यंत्राला कळला पाहिजे, आणि यंत्रांच्या बोलीभाषा निरनिराळ्या आहेत. बऱ्याच जुन्या ट्रेडमिलना ५ किलोहर्ट्झची जुनी बिनतारी भाषाच तेवढी समजते. नव्या यंत्रांना आणि मोबाईलला ब्लूटूथ, आणि व्यायामाच्या अनेक घड्याळांना एएनटी प्लस. १९८१ सालीं अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यांतील दोन भावांनीं ज्या कॉन्सेप्ट-टू यंत्राचा पहिला नमुना विक्रीस आणिला, त्याच्या पीएम-फाइव्ह या पडद्याला ब्लूटूथ आणि एएनटी प्लस या दोन्ही भाषा कळतात. म्हणून आपल्या व्यायामशाळेंतील दोन्ही यंत्रें आधीं पाहून यावीं, आणि निदान या दोन भाषा बोलणारा पट्टा घ्यावा. पोलरच्या एच-टेनसारख्या पट्ट्यांत तिसरी, जुनी भाषाही आहे. ट्रेडमिलच्या दांड्यावर हात ठेवून ठोके दाखविणारी जी धातूची पट्टी असते, ती चालतांना ठीक. धांवतांना दांडा धरून ठेवणें हा धांवण्याचा प्रकारच नव्हे. शेजारीं-शेजारीं दोन यंत्रांवर दोन गृहस्थ पट्टे बांधून बसले असतील, तर जोडणी करतांना आपल्याच पट्ट्याचा क्रमांक निवडला आहे ना हेंही पाहावें. नाहींतर चवथ्या मजल्यावरच्या गृहस्थांचें हृदय दुसऱ्या मजल्यावरच्यांना दमवीत राहील.

आंकडा खरा मिळाला, तरी त्याचा अर्थ लावावा लागतो. २२० मधून वय वजा करावें, म्हणजे ठोक्यांची कमाल मर्यादा मिळते, हें सूत्र १९७० च्या सुमारापासून सर्वतोमुखीं झालें आहे. २००१ सालीं तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०८ मधून वयाच्या सात-दशांश वजा करावेत असें सुचविलें. साठ वर्षांच्या माणसाला पहिलें सूत्र १६० देतें, दुसरें १६६. परंतु दोन्ही सरासरीचीं आहेत. एखाद्या व्यक्तीची खरी मर्यादा त्याहून दहा-बारा ठोक्यांनीं वर किंवा खालीं असणें अगदीं स्वाभाविक आहे. वल्हवणें बसून होतें, म्हणून पुष्कळांची त्यांतील मर्यादा धांवण्यापेक्षां कांहीं ठोक्यांनीं कमी भरते. तेव्हां धांवण्याचे आंकडे वल्हवण्यास जसेच्या तसे लावूं नयेत. एप्रिल-मेमध्यें पंख्याशिवायच्या खोलींत त्याच वेगाला ठोके हळूहळू दहांनीं किंवा अधिकही वाढतात. ती यंत्राची चूक नव्हे, उकाडा आणि अंगांतलें कमी झालेलें पाणी यांचा तो परिणाम.

ज्या घरांत रक्तदाबाचीं किंवा हृदयाचीं औषधें चालू आहेत, त्या घरांत तर हीं सूत्रें बाजूलाच ठेवावीं. मेटोप्रोलॉलसारखीं बीटा-ब्लॉकर जातीचीं औषधें ठोके वाढूंच देत नाहींत. अशा माणसानें सूत्रांतला आंकडा गांठण्याचा हट्ट धरिला, तर तो हृदयाला त्याच्या शक्तीबाहेर राबवील. त्याची मर्यादा डॉक्टरांनीं व्यायामाच्या तपासणीवरून ठरवून द्यावयाची असते. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहांत मज्जातंतु बधिर झाल्यामुळें हृदयाची वेदना कधीं कधीं जाणवतच नाहीं, म्हणून त्यांनींही आधीं तपासून घ्यावें. छातीवर दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, भोंवळ यांपैकीं कांहीं वाटलें, तर पडद्यावर १०५ असो कीं १६५, व्यायाम तत्काळ थांबवून मदत मागावी. पट्टा ठोके मोजतो. हृदयाचा रोग त्याला कळत नाहीं.

विकत घेतलेल्या यंत्राची परीक्षा पहिल्या आठवड्यांतच घ्यावी. पांच मिनिटें मध्यम गतीनें वल्हवावें, थांबतांक्षणीं अंगठ्याच्या मुळाशीं मनगटावर दोन बोटें ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजावेत, त्यांस चारानें गुणावें आणि पडद्याशीं ताडून पाहावें. थांबल्याबरोबर ठोके उतरूं लागतात, म्हणून उशीर करूं नये. चार-आठांचा फरक आपल्या मोजणीचाही असूं शकतो, कारण पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला तरी मिनिटाला चारांचा फरक पडतो. फरक वीस-पंचवीसांचा असेल, तर पट्टा पुन्हां ओला करून, घट्ट बांधून पाहावें; तरीही तो राहिला, तर यंत्र परत करावें. मात्र बोटाखालींच ठोके वेडेवांकडे लागत असतील, मधूनमधून चुकत असतील, तर यंत्र बदलण्याच्या आधीं डॉक्टरांकडे जाऊन ई. सी. जी. काढून घ्यावा.