लाळ्या-खुरकूत : लस कशासाठी?



“गेल्या साली गाईला लाळ्या-खुरकूत होऊन गेला, आता लस कशाला?” असं पुष्कळजण विचारतात.

या रोगाच्या विषाणूवर प्रथिनांचं कवच असतं. तसलं प्रथिन गाईच्या अंगात नसतं. कळपात घुसलेलं परकं जनावर गुराखी शिंगांवरून, रंगावरून ओळखतो. तसं रक्तातल्या पांढऱ्या पेशी या कवचावरून परका ओळखतात आणि त्यालाच चिकटतील अशी प्रतिद्रव्ये तयार करतात.

लशीतला विषाणू मारलेला असतो. त्यानं रोग होत नाही, पण ओळख पटते. आपल्याकडे सध्या त्याचे ओ, ए आणि एशिया-१ असे ३ प्रकार आढळतात. एकाची प्रतिद्रव्ये दुसऱ्याला लागू पडत नाहीत, म्हणून लशीत तिन्ही घालतात. एकदा रोग झाला म्हणजे जनावर सुटलं, असं समजू नये.

प्रतिद्रव्ये तयार व्हायला २-३ आठवडे लागतात आणि पुढं ती कमी होत जातात. तेव्हा साथीची वाट न पाहता ४ महिन्यांच्या वासराला पहिली लस, महिन्यानं दुसरी, नंतर दर ६ महिन्यांनी टोचून घ्यावी. एक-दोन दिवस दूध थोडं घटलं तरी घाबरू नये. रोगानं होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं असतं.