रस्त्यावरचा फोटो : पाहणं, टिपणं आणि परत देणं

(हातकणंगले येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

स्टेशनवर उतरलो आणि इथपर्यंत चालतच आलो. वाटेत एक आजी ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. एक पोरगा सायकलच्या कॅरिअरला वैरणीची पेंढी बांधत होता, ती सारखी एका बाजूला कलत होती. चहाच्या गाड्यावर दोघंजण एकच पेपर दोन बाजूंनी वाचत होते. तिथं असलेल्या बहुतेकांच्या खिशात मोबाईल होता, म्हणजे कॅमेरा होता. पण यातल्या कशाचाही फोटो कुणी काढत नव्हतं. मीही काढला नाही.

मग आपण फोटो कशाचे काढतो? लग्न, बारसं, वाढदिवस. आणि चौकातल्या डिजिटल बोर्डावर झळकायचं असेल तर गॉगल लावून स्वतःचा. (हशा) वर्षातले पाच-सहा दिवस आपण टिपून ठेवतो आणि उरलेले साडेतीनशे सोडून देतो. त्या सोडून दिलेल्या दिवसांकडे कॅमेरा घेऊन बघणारी जी माणसं आहेत, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे. त्यांना स्ट्रीट फोटोग्राफर म्हणतात. आपण साधं ‘रस्त्यावरचे छायाचित्रकार’ म्हणू.

सुरुवात एका जुन्या फोटोपासून करतो. साल १८३८. लुई दागेर नावाच्या गृहस्थांनी पॅरिसमध्ये आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो घेतला. दिवसाची वेळ, रहदारीचा रस्ता. घोडागाड्या होत्या, माणसं होती. पण फोटोत रस्ता रिकामा दिसतो! असं का झालं? तेव्हाच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात जे हललं, चाललं, पळालं ते उमटलंच नाही. दिसतो तो फक्त एक माणूस, कोपऱ्यात एक पाय वर करून उभा असलेला. तो बूट पॉलिश करून घेत होता, म्हणून एका जागी थांबला होता. आजवर माहीत असलेल्या फोटोंपैकी माणूस दिसणारा हा पहिला, असं मानतात. पॉलिश करणाराही शेजारी आहे, पण तो अस्पष्ट आहे. का? कारण त्याचे हात चालू होते.

हे लक्षात ठेवा. काम करून घेणारा स्पष्ट आला आणि काम करणारा पुसट आला. यात दागेरचा काही दोष नाही, ती यंत्राची मर्यादा होती. पण यंत्राची मर्यादा गेल्यावर आपली नजर तरी सुधारली का, हा प्रश्न मी आज तुमच्यापुढं ठेवणार आहे.

आता आपल्याकडे या. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले एक चांगले छायाचित्रकार. म्हणजे ही कला आपल्याकडे उशिरा आली असं नाही. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचे छायाचित्रकार होते. त्यांनी मुंबईतल्या जातीजमातींचा एक मोठा ग्रंथ काढला, त्याचे दोन भाग १८६३ आणि १८६६ साली आले. त्यात गंमत काय आहे बघा. माणसांचे फोटो एका ठिकाणी काढले, मग त्या आकृत्या वेगळ्या करून दुसऱ्याच देखाव्याच्या फोटोवर बसवल्या. माणूस खरा, देखावा खरा, पण तो माणूस तिथं उभाच नव्हता. आणि खाली माणसाचं नाव नाही, तर तो कुठल्या जमातीचा ते लिहायचं. माणूस नमुना म्हणून पाहिला गेला. राज्य करणाऱ्याला प्रजेची यादी हवी असते, त्या नजरेचं हे काम.

रस्त्यावरची छायाचित्रणकला याच्या बरोबर उलटी आहे. माणूस जिथं आहे तिथंच बघायचा, त्याच्या जागेसकट, त्याच्या आजूबाजूच्या गोंधळासकट. पण त्यासाठी आधी यंत्र लहान व्हायला पाहिजे होतं. १९२५ साली जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला. सिनेमाची पस्तीस मिलिमीटरची फिल्म त्यात वापरायची. कोटाच्या खिशात बसेल एवढा कॅमेरा, तिवई नको, काळं कापड डोक्यावर घ्यायला नको. आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात फोटो. आता पॉलिशवाल्याचा चालता हातही स्पष्ट येऊ शकत होता.

या कॅमेऱ्यानं जगप्रसिद्ध झालेले फ्रेंच छायाचित्रकार म्हणजे आंरी कार्तिए-ब्रेसाँ. १९३२ सालचा त्यांचा एक फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. पॅरिसच्या एका स्टेशनामागं पाणी साचलंय, एक माणूस त्यावरून उडी मारतोय, टाच पाण्याला आता लागणार, अजून लागलेली नाही. हेच ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींना भेटले होते, आणि त्यानंतर काही तासांतच गांधीजींची हत्या झाली. मग त्यांनी त्या अंत्ययात्रेचे फोटो घेतले. ‘निर्णायक क्षण’ हा शब्द त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

लोकांना वाटतं, निर्णायक क्षण म्हणजे नशीब. तसं नाही. हे लोक काय करतात ते साध्या शब्दांत सांगतो. छिद्र बारीक ठेवायचं, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. साधारण सात-आठ फुटांवर फोकस आधीच लावून ठेवायचा. प्रकाश आणि पार्श्वभूमी चांगली असेल अशी जागा शोधायची आणि तिथं उभं राहायचं. अर्धा तास, एक तास. माणसं येतात, जातात. म्हणजे फोटो सेकंदाच्या शंभराव्या भागात निघतो, पण त्याच्या मागं तासभर उभं राहणं असतं. आपल्याकडे तळ्यावर गळ टाकून बसलेला माणूस असतो ना, तसं.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळं थोडं तिकडं वळल्याशिवाय मला राहवणार नाही. आपल्या न्यायदर्शनात प्रत्यक्ष ज्ञानाचे दोन प्रकार सांगितले आहेत. निर्विकल्पक आणि सविकल्पक. ‘ही गाय आहे, पांढरी आहे, पाटलांची आहे’ हे सविकल्पक. नाव, जात, गुण सगळं चिकटलेलं. आणि हे चिकटण्याच्या आधी जे नुसतं भान होतं, ते निर्विकल्पक. बौद्ध आचार्य दिङ्नाग यांनी तर कल्पनाविरहित ज्ञानालाच प्रत्यक्ष म्हटलं. रस्त्यावरचा छायाचित्रकार याच फटीत काम करतो असं मला वाटतं. आपण बाजारात जातो तेव्हा काय बघतो? ‘भाजीवाली’ बघतो. मेथीची जुडी बांधताना तिनं दोऱ्याचं टोक दातात धरलंय, हे बघत नाही. नाव चिकटलं की बघणं थांबतं. छायाचित्रकार ते नाव क्षणभर बाजूला ठेवतो.

पण इथं एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. कुठं उभं राहायचं, चौकटीत काय घ्यायचं, काय वगळायचं हे सगळं विचार करूनच ठरतं. म्हणून ‘कॅमेरा खोटं बोलत नाही’ हे अर्धंच खरं. कॅमेरा खोटं बोलत नसेल, पण त्याला कुठं उभा करायचा ते माणूस ठरवतो.

आता दुसऱ्या प्रकारचे रस्त्यावरचे फोटोग्राफर. माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असतील. जत्रेत, देवळाच्या वाटेवर, तीन पायांवर लाकडी पेटी घेऊन उभे असायचे. मागं रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल नाहीतर विमान. त्या पेटीतच कॅमेरा आणि त्या पेटीतच अंधारखोली! बाजूला कापडाची बाही असायची. तिच्यातून हात आत घालून तो कागद धुवायचा. आधी कागदावरच उलटा फोटो यायचा, काळ्याचा पांढरा. मग तो उलटा कागद भिंगासमोर टांगून त्याचाच पुन्हा फोटो घ्यायचा, की झाला सुलटा. पाच-दहा मिनिटांत ओला फोटो तुमच्या हातात. यात मला महत्त्वाचं काय वाटतं? ज्याचा फोटो, त्याच्याच हातात तो जायचा. कलेच्या इतिहासात या लोकांना फारशी जागा नाही, पण त्यांचा व्यवहार चोख होता.

हे मी का सांगतोय, त्याला कारण आहे. १९७४ सालची गोष्ट. मी नुकताच प्राध्यापक झालो होतो आणि आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा घेतला होता. एका रोलमध्ये बारा फोटो. एकेक जपून काढायचा. इथल्याच आठवडी बाजारात झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ चपला शिवत बसायचे. कोल्हापुरीचा अंगठा तोंडात धरून ते सुईत दोरा ओवत होते. ऊन छान पडलं होतं. मी न विचारता फोटो काढला. आवाज ऐकून त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, रागावणार. ते म्हणाले, “मास्तर, फोटू काढलासा, आमास्नी कवा दावणार?” मी म्हणालो, “पुढच्या बाजारी आणतो.”

नाही आणला. रोल संपायला तीन महिने लागले. धुऊन आणला तर फोटो उत्तम निघालेला. मी मोठा करून घेतला, पुठ्ठ्यावर चिकटवला, खाली सुंदर अक्षरात शीर्षक लिहिलं : ‘श्रम’. एका प्रदर्शनात लावला. प्रशस्तिपत्र मिळालं. मी खुशीत. बाजारात जायचं राहूनच गेलं.

दोनेक वर्षांनी गेलो. त्या झाडाखाली त्यांचा मुलगा बसला होता. “बा गेला,” म्हणाला. मी फोटोचं सांगितलं. तो हातातलं काम ठेवून उठलाच. त्यांच्या घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता. पुढच्या आठवड्यात मी तो पुठ्ठा घेऊन गेलो. त्यानं बराच वेळ बघितला. वडिलांची बोटं त्यानं ओळखली, झिजलेली आरी ओळखली. मग खालच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, “ह्ये काय लिवलंय?” मी म्हणालो, “श्रम.” तो म्हणाला, “त्येंचं नाव न्हाई व्हय?”

मंडळी, मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मघाशी त्या जॉन्सनसाहेबाला नावं ठेवली, तर मी वेगळं काय केलं होतं? त्यानं जमात लिहिली, मी ‘श्रम’ लिहिलं. ज्या माणसाला नाव बाजूला ठेवून बघितलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो, त्याला शेवटी मी एका भाववाचक नामात कोंबून टाकलं.

कांट या तत्त्ववेत्त्यानं एक सूत्र सांगितलंय : माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वागवू नका. त्यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. फोटोसाठी माणूस लागतोच, तेवढ्यापुरता तो साधन असतोच. पण तेवढ्यावर थांबलात तर चूक. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. म्हणजे ‘रस्ता सगळ्यांचा, मी कुणाचाही कसाही फोटो काढीन’ असं म्हणण्याआधी थांबायला हवं. रस्ता सगळ्यांचा असला तरी त्यावरचा चेहरा त्याचा एकट्याचा असतो.

चांगलं काम करणारे लोक आपल्यात आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं, गटारात उतरलेल्या माणसाला चेहरा दिला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंतांचे आणि वारीचे फोटो काढले, त्यांची मराठीत पुस्तकं आहेत. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे. म्हणजे नाव हरवणं हे कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना घडतं.

तुमच्या तालुक्यात काय कमी आहे? इचलकरंजीचे माग आहेत, हुपरीची चांदी घडवणारे हात आहेत, वडगावचा बाजार आहे. यंत्रमागाचा आवाज कमी होत चाललाय. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं, कांडी भरणारी बाई कशी बसायची, तर दाखवायला काय असेल? लग्नाचे अल्बम?

म्हणून तरुण मित्रांना तीनच गोष्टी सांगतो. एक, उभं राहायला शिका, घाई करू नका. दोन, फोटो काढल्यावर तरी जाऊन बोला. माणूस नको म्हणाला तर त्याच्यासमोर फोटो पुसा. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना आधी विचारा. अपघात दिसला तर मोबाईल खिशात आणि हात मदतीला. तीन, फोटोची कागदावर एक प्रत काढून त्या माणसाला नेऊन द्या. चालत असेल तर मागं त्याचं नाव, गाव, तारीख लिहून ठेवा.

प्रश्न (एक विद्यार्थिनी) : सर, विचारलं की माणसं सावध होतात, केस सारखे करतात. मग रोजचं जगणं कसं मिळणार?

चांगला प्रश्न आहे. पहिलं असं की केस सारखे करणं हेही रोजचंच जगणं आहे. ‘मला असं बघा’ असं तो माणूस सांगतोय, तोही फोटो काढा. दुसरं, लगेच निघून जाऊ नका. पहिल्या दिवशी सगळे तुमच्याकडे बघतील. चौथ्या दिवशी कुणी बघणार नाही, चहा तेवढा विचारतील. मग काढा. तेव्हा तुम्ही चोरून काढत नसता आणि ते सावधही नसतात. याला वेळ लागतो, दुसरा उपाय मला माहीत नाही.

चला, माझ्या गाडीची वेळ झाली. जाताना त्या ओट्यावर आजी अजून बसलेल्या असतील तर विचारून बघतो. या वेळी नाव आधी विचारीन.