वारणेच्या उपशावर भरलेल्या विहिरी

पाणीटंचाईच्या बातम्यांत पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीचे नाव सहसा येत नाही. उत्तरेला वारणा, दक्षिणेला जोतिबाच्या डोंगराची रांग आणि मधे ऊस. भूजलाचा प्रश्न म्हटला की डोळ्यांसमोर जत, आटपाडी किंवा मराठवाडा उभा राहतो, कोडोली नाही. गेल्या साठ-पासष्ट वर्षांकडे मागे वळून पाहिले तर मात्र या सुखवस्तू पट्ट्यातच भूजलाबद्दलचा आपला एक पक्का समज तपासून घ्यावासा वाटतो. विहिरीला पाणी आहे म्हणजे गावाचे भूजल सुस्थितीत आहे, हा तो समज. कोडोलीसारख्या गावात विहिरीची पातळी जमिनीखालच्या पाण्याबद्दल थोडे सांगते आणि नदीतून किती पाणी उचलले गेले याबद्दल जास्त.

मुळात या भूमीची साठवण तोकडी आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसाल्टचा आहे आणि वारणा खोरेही त्यातच मोडते. वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत जे मुरेल तेवढेच पाणी; मुरमाच्या एकूण घनफळाच्या दोन-तीन टक्क्यांहून अधिक पाणी त्यातून सहसा हाती लागत नाही. मोटेच्या काळात पिकांची मर्यादा या मुरमानेच ठरवली होती. बारमाही पीक मळ्यातल्या विहिरीभोवती, बाकी शिवार पावसावर. १९५९ मध्ये तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ही मर्यादा मोडण्याची ऐपत शेतकऱ्याला आली. सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या, कर्जे मिळाली, नदीकाठी जॅकवेल झाल्या, पाइपलाइनने पाणी माळावर चढले. पुढे चांदोलीच्या धरणाने, सुमारे ३४ टीएमसी साठ्याने, उन्हाळ्यातल्या वारणेची शाश्वती दिली. ज्या माळावर कुसळे उगवायची तिथे आडसाली लागण आणि खोडवा उभा राहिला. हे कर्तृत्व लहान नाही. त्याची टिंगल करणाऱ्यांनी ऊस येण्यापूर्वीचे कर्जबाजारी शिवार आठवावे.

पण माळावर चढलेले पाणी तिथेच थांबत नाही. पाटाने, सरी भरून दिलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा मुळांच्या खाली उतरतो, मुरमातून वाट काढतो आणि उताराखालच्या विहिरीत येतो. म्हणजे विहीर भरते ती पावसाने आणि उपशानेही. शासकीय हिशेबात हे पाझराचे पाणी रीतसर धरले जाते: भूजल मूल्यांकनाच्या १९९७ आणि २०१५ च्या दोन्ही पद्धतींत सिंचनातून परत मुरणारे पाणी ‘पुनर्भरण’ म्हणून जमेच्या बाजूला येते. उपसा पुनर्भरणाच्या ७० टक्क्यांच्या आत असला की क्षेत्र सुरक्षित. गणित चुकीचे नाही, पण त्यातून एक विचित्र गोष्ट घडते. नदीचे पाणी जितक्या सैल हाताने द्यावे, तितके भूजल कागदावर अधिक सुरक्षित दिसते.

राज्याची सगळी धोरणे टंचाईच्या चष्म्यातून घडली, त्यामुळे हा पट्टा त्यांच्या नजरेतून सुटला. १९९३ चा भूजल कायदा पिण्याच्या पाण्यापुरता होता. सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, हा त्याचा गाभा. २००९ च्या व्यापक कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विंधण विहिरींवर निर्बंध घातले, पाणलोटनिहाय समित्यांची कल्पना मांडली, पण तो अमलात यायला २०१४ उजाडले आणि नियमांचा मसुदा आला २०१८ मध्ये. अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातले १३ जिल्हे घेतले गेले. शेजारचे सांगली आणि सातारा त्यात आले, कोल्हापूर नाही. पैसा जिथे तहान आहे तिथे जावा, हे योग्यच. फक्त ‘इथे काही करायचे नाही’ असा अर्थ त्यातून आपोआप निघाला. गंमत अशी की याच परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पातून सत्तर गावांत संगणक आले. उसाच्या एकेका किलोचा हिशेब ठेवणाऱ्या प्रदेशात पाणी मात्र आजही एकरावर मोजले जाते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो शेतकरीच नव्हे, जलशास्त्रज्ञही घेतात. पाझरलेले पाणी वाया कुठे जाते? ते विहिरीला आणि ओढ्याला मिळतेच; मग ठिबकने वाचवले ते नेमके कोणाचे? आक्षेपात तथ्य आहे. ठिबकच्या जाहिरातीतली सगळी बचत खरी नसते, आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर खोऱ्यात काहीच उरत नाही. पण परत येणारे पाणी गेले होते तसे येत नाही. त्यात युरियाचा नायट्रेट विरघळलेला असतो, आणि शेजारीच पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा हातपंप असू शकतो. ते एकदा नदीतून आणि पुन्हा विहिरीतून असे दोनदा विजेवर उचलावे लागते. शिवाय निचरा नसलेल्या भारी जमिनीत ते परतही येत नाही, साचते. शिरोळ तालुक्यात काय झाले ते समोर आहे: हजारो एकर काळी जमीन क्षारपड झाली आणि तिच्यातले मीठ धुऊन काढण्यासाठी श्री दत्त कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरावे लागले. कोडोलीची उताराची जमीन शिरोळसारखी नाही, हे खरे. पण उताराचे पाणी शेवटी कोणाच्या तरी सखल रानातच उतरते.

दुसरी बाजू नदीची. उन्हाळ्यातली नदी स्वभावतः भूजलाच्या पाझरावर वाहते. मासे, काठची झाडी, डोहांतले जीव त्याच धारेवर जगतात. आता वारणेची ती धार धरणाच्या विसर्गाच्या वेळापत्रकावर चालते आणि पाटबंधारे खाते उपसाबंदी लावते तेव्हा तिचा ताण उघडा पडतो. इचलकरंजीला वारणेचे पाणी देण्याची योजना आली तेव्हा काठच्या गावांनी कडवा विरोध केला. पंचगंगेच्या दूषित पाण्याने २०१२ मध्ये काविळीची साथ सोसलेल्या शहराची मागणी गैर नव्हती आणि शेतकऱ्याची भीतीही खोटी नव्हती. पण आपण किती उचलतो, किती पिकाला लागते, किती मुरते, हे दोघांपैकी कोणालाही आकड्यांत सांगता आले नाही. भांडण हक्काचे झाले, हिशेबाचे झालेच नाही.

मग करायचे काय? वीस गुंठ्यांच्या धन्यावर परवान्याचा बडगा उगारू नये, हे म्हणणे मान्य. विहीर-परवान्यांनी इथला प्रश्न सुटणारही नाही. हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद किंवा विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत जशीच्या तशी उचलता येणार नाही. ती गावे पावसाच्या पाण्यावर उभी आहेत, हा पट्टा नदीवर. मात्र त्यांना जे शून्यातून घडवावे लागले ते इथे तयार आहे: पाणीपुरवठा संस्था, तिचे सभासद, पाळीचा फेर, उसाच्या बिलातून कापली जाणारी पाणीपट्टी. एकरी पट्टीऐवजी घनमीटरवर पट्टी लावायची, मुख्य पाइपलाइनवर मीटर बसवायचे आणि शिवारातल्या काही ठरावीक विहिरींची पातळी व नायट्रेट दर हंगामाला मोजून ते आकडे वार्षिक अहवालात नफा-तोट्याच्या शेजारी छापायचे, एवढे संस्थेच्या सर्वसाधारण सभेच्या हाती आहे. अडचण राजकीय आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे आणि ही सवलत मार्च २०२९ पर्यंत चालायची आहे. तोवर विहिरीवरची मोटार जास्त वेळ चालवण्याचा खर्च शेतकऱ्याला शून्य. त्यामुळे मोजणीची सुरुवात विहिरीपासून होणार नाही. ती नदीकाठच्या जॅकवेलवरच करावी लागेल, कारण सभासद आजही पैसे मोजतात ते तिथल्याच पाण्याचे.